सुनंदाने दोन्ही कान धरले

उल्हासनगरच्या दुकानदाराला गुंडाळावं ते अंबरनाथ पूर्वच्या चंदरनेच, असं खुद्द चंदरचं मत होतं! युक्ती साधी. साडी आवडली की बायकोने, सुनंदाने, कानातला झुबा चाचपायचा आणि चंदरने त्याच साडीला नावं ठेवायची. दुकानदार घाबरून भाव पाडतो. वीस वर्षांत ही खूण कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी लेकीच्या, कीर्तीच्या लग्नाचा बस्ता होता. सोबत विहीणबाई होत्या, बदलापूर गावच्या कौसाबाई. बाई मनाने चांगल्या, पण मान म्हणजे मान! पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या भावाच्या घरी जेवल्या नव्हत्या.

चंदर स्कूटर लावून आत आला, तेव्हा गादीवर जांभळी पैठणी उलगडली होती. सुनंदाचा हात सवयीने कानाशी गेला. चंदर लगेच कामाला लागला.

"ही? शेठ, हिचे पडदे शिवा!"

कौसाबाईंनी पैठणीवरचा हात काढून घेतला. अर्धा तास खपून त्यांनीच ती आपल्या मानासाठी निवडली होती.

सुनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने विहिणीपुढे गुपचूप दोन्ही कान धरले, माफीसाठी. चंदरने ते पाहिलं. एक कान म्हणजे आवडली, तर दोन कान म्हणजे घ्यायचीच!

"आणि हा रंग! पसंत करणाऱ्याचे डोळे तपासा आधी!"

"डोळे माझेच आहेत, व्याही," कौसाबाई उठल्याच. "लग्नाचं काय ते घरी जाऊन कळवते."

चंदरच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न पंधरा दिवसांवर! सुनंदा तर रडायलाच लागली.

"काकी, बैठो ना!" शेठ म्हणाला. "बाई कान पकडते, साहेब नावं ठेवतो. मतलब माल एकदम पसंत! बीस साल से बघतोय मी."

"खरं, व्याही?"

चंदरने मान डोलावली आणि काठापासून पदरापर्यंत त्याच पैठणीचं तोंडभर कौतुक केलं. तोवर शेठने पुऱ्या भावाने बिल फाडलंसुद्धा!

कौसाबाई हसल्या, बसल्या, चहा घेतला. "म्हणजे आवडलं की तुम्ही नावं ठेवता?"

"सवयच हो आमची," चंदर म्हणाला.

"मग परवा माझ्या वालाच्या बिरड्याचं एवढं कौतुक केलंत, ते?"

चंदरने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा दोन्ही हात पदरात गुंडाळून पंख्याकडे बघत होती.