काळ्या भाताचं ठिगळ

"आज तरी पांढरा भात घातलास का गं?" डबा हातात घेता घेता ग्यूसिकने विचारलं.

"काळाच आहे. साखर वाढलीये तुमची. गुपचूप खा," असं म्हणून त्याच्या बायकोने, बुनहीने, दार लावून घेतलं.

तीस वर्षं बस हाकून निवृत्त झालेला हा माणूस तीन महिने तो काळा, खरं तर जांभळा, भात गिळत होता. पण आज त्याला काळजी होती ती वेगळीच. कोरियातल्या जोंजू शहराच्या कलासंग्रहालयातली त्याची पहारेकऱ्याची कच्ची नोकरी आज संध्याकाळी पक्की व्हायची होती. अट एकच: नव्या प्रदर्शनाचा पहिला दिवस निर्विघ्न पार पडला पाहिजे.

दालनात शिरला आणि त्याने कपाळावर हात मारला. समोर शाईने चितारलेली कागदी दारं होती, त्यांच्यामागे व्हिडिओ चालू होता आणि मधल्या दाराला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, बोटाएवढं भोक!

"मेलो! संग्रहालयाचे मोकसाहेब मला सोलून काढणार!"

घरी दाराचा कागद फाटला की आई काय करायची? भाताची खळ आणि वर ठिगळ. ग्यूसिकने माहितीपत्रकाचा कोरा कोपरा फाडला, डब्यातली चार शितं चुरडली आणि भोक बुजवलं. ठिगळ जांभळं झालं खरं, पण चितारलेल्या झाडाच्या सावलीत खपून गेलं.

दहा वाजता वृद्धमंडळाच्या बारा आज्या आल्या. दारामागच्या व्हिडिओतून रेशमी कपड्यांची सळसळ ऐकू येत होती.

"अगं, नाव वाच! 'लग्नाची पहिली रात्र'!"

"बाई गं! पण बघायचं कुठून?"

"कुठून म्हणजे? पहिल्या रात्री दाराच्या कागदाला भोक पाडून डोकावायची रीतच आहे आपली! तुझ्या लग्नात मी कुठून बघितलं होतं?" असं म्हणून सगळ्यांत थोरल्या आजीने बोटाला थुंकी लावली आणि कागदात खुपसलं.

ग्यूसिक धावत येईपर्यंत बारा भोकं झाली होती आणि प्रत्येक भोकाला एक डोळा लागला होता.

"अहो आजी! हात लावू नका असं लिहिलंय ना!"

"हात कुठे लावला रे पोरा? एवढंसं बोट ते!"

"नवरा मेला ठोंब्या आहे! अरे, नवरीचा मुकुट तरी उतरव!" भोकाचा डोळा न काढता एक आजी व्हिडिओतल्या नवऱ्यावर ओरडली.

आज्या खिदळत निघून गेल्या. ग्यूसिकला रडूच कोसळलं. डबा उघडून तो पहिल्या भोकाला खळ लावतोय, तोच मागे मोकसाहेब उभे आणि त्यांच्याबरोबर दारं रंगवणारी चित्रकर्ती येदाम.

"दालनात भात?" साहेब किंचाळले. "कागदाला कसर लागेल! चालते व्हा!"

"थांबा," येदाम म्हणाली. "एक भोक मी स्वतः पाडून ठेवते, लोकांनी डोकावावं आणि आपलंही पाडावं म्हणून. तीन शहरं फिरले, पण दुसरं पाडायची कुणाची छाती झाली नाही. इथे बारा कशी?"

"तुमचं मी बुजवलं, बाई," ग्यूसिक पुटपुटला. "म्हणून आज्यांनी आपापली पाडली."

येदाम त्या ठिगळाला नाक लावून बघत राहिली. "हा जांभळा रंग कुठला?"

"काळा भात. बायको देते. साखर आहे मला."

ती इतकी हसली, की साहेबांनाही घाबरत घाबरत हसावं लागलं.

संध्याकाळी ग्यूसिक नोकरीचं पत्र नाचवतच घरी शिरला. "पक्की झाली! चित्रकर्तीबाईंनीच सांगितलं, आज्यांनी भोकं पाडायची आणि मी भाताने बुजवायची, वर्षभर! आता असं कर, खळीपुरता काळा भात वेगळा दे आणि मला पांढरा."

बुनहीने चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं. तळाशी मोकसाहेबांनी स्वतः एक कलम घातलं होतं: कसर लागू नये म्हणून डब्यात उरलेला काळा भात पहारेकऱ्याने रोज शेवटच्या शितापर्यंत संपवावा.

"शिक्का आहे हो यावर," बुनही म्हणाली. "गुपचूप खा."