पाचव्या खिडकीचा खांब

पाणीपुरवठा कार्यालयात आकडेवारीचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे तक्तेमास्तर म्हणत. महिन्याचा अहवाल ते वीस वर्षं एकाच जुन्या प्रोग्रॅमवर करत आले होते. त्याचा परवाना संपला आणि वरून आदेश आला, की यापुढे फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर वापरा. फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असणारच, असं मास्तरांचं पक्कं मत होतं.

कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं लॅपटॉपवर ते बसवून दिलं. जगभरच्या लोकांनी हौसेनं घडवलेली साधनं आहेत, म्हणाली. एकदा अहवालाचा साचा केला, की दर महिन्याला त्याला नुसती नवी फाइल दाखवायची. तक्ते, आलेख, सरासऱ्या आपसूक पानावर उतरतात. फक्त हात बसेपर्यंत ऑफिसचे आकडे घेऊ नका, घरातलंच काहीतरी मोजा, असं तिनं बजावलं.

घरात मोजण्याजोगी एकच गोष्ट होती. माणसं पाच आणि बाथरूम एक. मास्तरांनी दोन आठवडे रोज सकाळी घड्याळ लावून कोण आत किती वेळ असतं ते टिपलं. कागद कुणाच्या हाती लागून भडका उडायला नको, म्हणून नावांऐवजी आकडे घातले. वयानं सगळ्यांत लहान मुलगी एक, सगळ्यांत थोरले वडील पाच. वडील आत वर्तमानपत्र नेत आणि अग्रलेख संपल्याशिवाय बाहेर येत नसत. शेवटी एका संध्याकाळी मास्तरांनी कळ दाबली आणि पडद्यावर पाच रंगीत खांब उभे राहिले. चार गुडघ्याएवढे, पाचवा छताला टेकलेला. मास्तर हरखून गेले. बायकोला बोलावून त्यांनी तो आलेख दाखवला.

"हे कळायला दोन आठवडे लागले?" ती म्हणाली. "मला विचारायचं होतं."

महिनाअखेर आली. कार्यालयातही अर्ज घ्यायच्या खिडक्या पाचच होत्या, आणि प्रत्येकीवर माणशी किती वेळ लागतो ते अहवालात द्यायचं असे. मास्तरांनी साच्यातलं शीर्षक बदललं, तारीख बदलली, आणि घाईघाईत फाइल बदलायची तेवढी राहिली. अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला. वीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांना अहवाल एका नजरेत समजला. पाचव्या खिडकीवर माणशी अडतीस मिनिटं लागत होती. त्यांनी बैठकीत मास्तरांची तोंडभरून स्तुती केली आणि पाचव्या खिडकीवरच्या बाईंकडे लेखी खुलासा मागितला.

आता या बाई म्हणजे कामाला वाघ. कुणाचा अर्ज अडवून ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दुपारी त्या कागद घेऊन मास्तरांच्या टेबलाशी आल्या. भांडल्या नाहीत, हेच मास्तरांना जास्त लागलं.

"मास्तर, तुमचा आकडा आजवर कधी चुकला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारते. माझं नेमकं चुकतंय कुठं?"

मास्तरांनी अहवाल उलगडला. तिसऱ्या पानावर वारांप्रमाणे तक्ता होता. खिडकी क्रमांक एक, रविवार, पंचवीस मिनिटं. कार्यालय रविवारी बंद असतं. मुलगी मात्र रविवारी केस धुते. साच्यात घरचीच फाइल राहून गेली होती. घटकाभर त्यांच्या मनात आलं, की पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करावं, कुणाला पत्ता लागणार नाही. पण बाई समोर उभ्या होत्या, आणि खुलाशाचा कोरा कागद त्यांच्या हातात होता.

ते तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, पाचवी खिडकी म्हणजे माझे वडील."

साहेबांना उलगडा व्हायला वेळ लागला. झाला तेव्हा ते आधी लाल झाले, मग त्यांचे खांदे गदगदू लागले. अखेर डोळे पुसत त्यांनी बाईंना बोलावून खुलाशाचं पत्र परत घेतलं आणि मास्तरांना फर्मावलं, की आता खरे आकडे घ्या आणि अर्ज आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक टप्पा मोजा, म्हणजे शंकेला जागा नको.

मास्तरांनी आठवडाभर तहानभूक विसरून मोजलं. फाइलचं नाव तीनदा तपासलं, मुलीकडून चौथ्यांदा तपासून घेतलं. नवा आलेख आला. पाचही खिडक्या पाच-सहा मिनिटांच्या आत, बाईंची सर्वांत कमी. त्यांच्या शेजारी सहावा खांब होता, पानाच्या वरच्या कडेला भिडलेला. त्याखाली लिहिलं होतं, साहेबांची सही, दोन तास दहा मिनिटं.

साहेबांनी ते पान वाचलं. मग त्यांनी दार नीट लावलेलं आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये हा खांब थोडा बुटका करता येतो का?"

"येतो की, साहेब. त्यात काहीही बदलता येतं," मास्तर अदबीनं म्हणाले. "फक्त कुणी, कधी आणि काय बदललं, त्याचीही नोंद त्यातच राहते. ती सगळ्यांना दिसते."

साहेबांनी सुस्कारा सोडला, खिशातून पेन काढलं आणि कोपऱ्यातला अर्जांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

"मग तो मलाच बुटका करावा लागणार," ते म्हणाले आणि पहिल्या अर्जावर सही केली.