सोफ्याचा डावा हात

सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं, हा निर्णय दामिनीचा होता. पुढे घरात हे वारंवार सांगितलं गेलं, म्हणून आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

गजेंद्रने तो सोफा अकोल्याहून आणला होता. मोतिया रंगाचा, मखमलीसारख्या कापडाचा. अमरावतीत सोफे मिळत नाहीत असं नव्हे. पण अकोल्याच्या दुकानात त्याच्या मित्राची ओळख होती, आणि ओळखीनं घेतलेली वस्तू गजेंद्रला जास्त आवडते. आला तेव्हापासून सोफ्यावर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं. अख्खा उन्हाळा घरातली माणसं त्या प्लास्टिकवर बसली, चिकटली आणि चर्र आवाज करत उठली. दिवाळीच्या साफसफाईत दामिनी म्हणाली, "अहो, आपण सोफा घेतलाय की प्लास्टिक?" आणि तिने कात्री चालवली.

त्याच दुपारी ठेचा हॉलमध्ये आला. त्याने मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही पाय सोफ्याच्या डाव्या हातावर ठेवले, अंग लांबवलं आणि वरून खाली सावकाश नखं ओढली. मग जांभई दिली.

ठेचा हा घरातला बोका. आदल्या हिवाळ्यात गजेंद्रचे मामा खुशालराव यांनी मोर्शीच्या बागेतून संत्र्याची पेटी पाठवली, तिच्यात गवताखाली हा निघाला. दामिनीनेच त्याला दोन बोटांत उचलून बाहेर काढलं होतं. पहिल्याच दिवशी तो दामिनीच्या सासूबाईंच्या, म्हणजे लीलाबाईंच्या ताटातला ठेचा चाटून घरभर पळत सुटला आणि त्यांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं.

गजेंद्र जिल्हा परिषदेतून आला आणि चपला न काढताच सोफ्यापुढे बसला.

"पाह्य, पाह्य! तीन रेघा मारल्या लेकानं!" तो म्हणाला. "याची नखंच काढून टाकू डॉक्टरकडून. तिकडे अमेरिकेत काढतात म्हने."

दामिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आवाज न चढवता बोलायची तिला सवय आहे. "नुसती नखं नाही काढत ते. नखासकट बोटाचं शेवटचं पेर कापतात. तुमची बोटं अशी पेरापासून छाटली तर?"

"मंग मोबाईल कशानं चालवंन हा?" मेथी निवडता निवडता लीलाबाई म्हणाल्या. "राहू दे गज्या. तुयाच्यानं नाई होनार."

गजेंद्रने तरी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ तो नुसता "हो डॉक्टर, नाही डॉक्टर" करत राहिला आणि फोन ठेवून म्हणाला, "नाई करत म्हने. वरून मलेच झापलं." मग त्याने शेवटचं सांगितलं. "मामा संत्रे घेऊन येऊन राहिले दिवाळीनंतर. तोवर सोफ्यावर एक जरी नवी निशानी दिसली, तं हा मामाच्या पोत्यात बसून मोर्शीले वापस."

मोर्शीला म्हणजे बागेत. बागेत आता राखणीला कुत्रे होते, आणि ठेचा हा कुत्रा दिसला की ओळख करून घ्यायला जवळ जाणारा बोका होता. दामिनीने ठेचाला जवळ ओढलं. पण ती शांतपणे म्हणाली, "ओरखडणं ही मांजराची गरज आहे. ती थांबवता येत नाही, वळवता येते. मी करते ते. शास्त्रीय पद्धतीने."

'शास्त्रीय' हा शब्द ऐकून घर गप्प झालं. दामिनीला तो आदर वाटला. ती भीती होती.

सुरुवात नखं कापण्यापासून झाली. टोकं बोथट ठेवली की ओरखडा खोल जात नाही, हे साधं तत्त्व. मांजराचं नख आत कसं जातं, बाहेर कसं येतं, याची आकृती दामिनी वर्षानुवर्षं फळ्यावर डोळे मिटून काढत आली होती. फळ्यावरच्या पंजाला मात्र उरलेलं मांजर जोडलेलं नव्हतं. तिने ठेचाला टॉवेलमध्ये गुंडाळलं, गजेंद्रला धरायला लावलं आणि पंजा हलकेच दाबला. नखं बाहेर आली, अगदी आकृतीसारखी. त्यानंतर टॉवेल एकीकडे, गजेंद्र दुसरीकडे आणि ठेचा फ्रिजवर होता. कापलं गेलं ते एक नख, आणि ते दामिनीचं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात एका विद्यार्थिनीने तिचे हात पाहून डोळे विस्फारले. "मॅडम, पोहऱ्याच्या जंगलाकडे गेल्या होत्या का? बिबट्या?"

"घरचाच आहे," दामिनी म्हणाली आणि तिने बाह्या खाली ओढल्या.

मग नखांवर चिकटवायच्या रबरी टोप्या मागवल्या. गुलाबीच मिळाल्या. ठेचा गाढ झोपला असताना तिने त्या बसवल्या आणि संध्याकाळपर्यंत त्याने त्या उपटल्या. बहुतेक सापडल्या. एक लीलाबाईंच्या पानाच्या डब्यात, सुपारीत निघाली.

"दामिनी, हे गुलाबी काय हाय वं? मी चावून पायलं, फुटत नाई."

पुढचा उपाय खरा भरवशाचा होता: ओरखडायला स्वतंत्र खांब. दामिनीने प्लंबिंगचा जाड पाइप आणून त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली आणि खाली पाटावर पक्का बसवला. असा खांब सोफ्याशेजारीच हवा. मांजर जिथे ओरखडतं तिथेच त्याला पर्याय द्यायचा असतो. पण गजेंद्र म्हणाला, "अकोल्याच्या सोफ्याबाजूले हे भूत? नाई ठेवाचं." म्हणून खांब मागच्या अंगणात गेला. ठेचाने त्याला एकदा प्रदक्षिणा घातली. लीलाबाई त्यावर फडकी वाळत घालू लागल्या.

दामिनीने पुन्हा वाचन केलं. मांजरांना लिंबू-संत्र्याच्या सालीचा वास अजिबात सहन होत नाही, असं सगळीकडे एकमताने लिहिलेलं होतं. ते वाचून तिला हसू आलं. साऱ्या जगाने हा उपाय विकत आणावा आणि आपण संत्र्याच्या मुलखात बसून टोप्या मागवतोय! तिने बाजारातून पहिल्या तोडीची संत्री आणली, घरादाराला खायला लावली आणि साली दाबून दाबून त्यांचं तेल सोफ्याच्या डाव्या हातावर शिंपडलं. उरलेल्या साली गादीच्या फटीत खोचल्या.

ठेचा आला. थांबला. नाक वर करून त्याने वास घेतला. त्याचे डोळे अर्धे मिटले. मग तो सोफ्यावर चढला, डाव्या हातावर गाल घासला, उजवा गाल, पुन्हा डावा, आणि घरघरत तिथेच आडवा झाला. रात्रीच्या जेवणालाही उठला नाही.

"हे कसं काय?" दामिनी पुटपुटली.

"अवं, त्याचा जलमच संत्र्याच्या पेटीतला," लीलाबाई फोड तोंडात टाकत म्हणाल्या. "तू त्याले माहेरचा वास दिला."

हे दामिनीला माहीत होतं. पेटी तिनेच उघडली होती. पण ते तिला माहीत होतं ते घरातली बाई म्हणून, आणि उपाय केला होता प्राध्यापिकेनं; दोघींची गाठ पडली नव्हती. वर मोतिया कापडावर तेलाचे पिवळे डाग उठले. ते काढायला तिने साबणाने घासलं, तेव्हा डागाभोवती एक फिकट वर्तुळ तयार झालं. तिने तिथे, हाताच्या मागच्या टोकाला, उशी टेकवून ठेवली.

शेवटी टेप आली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, पारदर्शक. मांजराला पंजा चिकटलेला आवडत नाही, हे तत्त्व. सोफ्याच्या दोन्ही हातांवर टेप लागली आणि ठेचाने एकदाच पंजा ठेवून तो झटकन मागे घेतला. एकदा, दोनदा, मग त्याने सोफ्याकडे पाहणंच सोडलं. दामिनीने डोळे मिटून सुटकेचा श्वास घेतला. घरातली माणसं फोटो काढायला बसल्यासारखी हात मांडीवर घेऊन बसू लागली; पण सोफा वाचला होता, ठेचा वाचला होता. मामाजी संध्याकाळच्या गाडीने येणार, त्याआधी टेप हळूच काढायची, एवढंच उरलं होतं.

मामाजी सकाळीच आले.

दामिनी चहा टाकायला आत गेली. गजेंद्र आंघोळीला गेला होता. खुशालरावांनी संत्र्याच्या पिशव्या आणि गजेंद्रच्या सांगण्यावरून बोक्यासाठी आणलेलं रिकामं पोतं दाराशी टाकलं, "हुश्श" म्हणून ते सोफ्यावर टेकले आणि केसाळ उघडा हात त्यांनी सोफ्याच्या डाव्या हातावर ऐसपैस पसरला.

चहा घेऊन दामिनी बाहेर आली तेव्हा मामाजी विचित्र वाकून बसले होते.

"काय झालं मामाजी?"

"काई नाई, काई नाई," ते कसनुसं हसत म्हणाले, आणि बहिणीच्या घरी आपण काहीतरी मोडलं या लाजेने त्यांनी हात जोरात ओढला. टेप निघाली. टेपबरोबर मामाजींचे केस निघाले, आणि मखमलीचा वीतभर पट्टाही निघाला. मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. टेपची गुंडाळी त्यांनी घाईघाईने सदऱ्याच्या खिशात कोंबली.

तेवढ्यात गजेंद्र बनियनवर बाहेर आला. त्याची नजर थेट सोफ्याच्या हातावर पडलेल्या टकलावर गेली. त्याने उशी उचलली. खाली पिवळे डाग, भोवती फिकट वर्तुळ.

"झालं! पाहा मामा, काय केलं बोक्यानं! मी म्हनलं होतं. आना ते पोतं."

मामाजींनी खिशावर हात दाबला. लीलाबाई देवघरातून बाहेर आल्या. दामिनी ट्रे घेऊन उभी होती. नुसतं गप्प राहायचं होतं. प्राध्यापिकेची अब्रू वाचली असती. पण मग ठेचाच्या वाट्याला बागेतले कुत्रे होते.

"ते ठेचाने नाही केलं," ती म्हणाली.

"मंग कोन?"

"टक्कल टेपचं आहे. टेप मी लावली. मामाजींच्या खिशात आहे ती. पिवळे डाग संत्र्याच्या तेलाचे, ते मी शिंपडलं. फिकट वर्तुळ साबणाचं. तेही मीच."

गजेंद्रने उशी बाजूला ठेवली. "आन् ठेचाचं काय मंग याच्यात?"

"त्या तीन रेघा. पहिल्या दिवशीच्या." तिने वाकून दाखवल्या. आता त्या शोधाव्या लागत होत्या.

 मग लीलाबाई भावाकडे वळल्या.

"मंग खुशाल, पोत्यात कोनाले टाकाचं?"

सगळ्यांनी पोत्याकडे पाहिलं. पोत्यावर ठेचा होता. चारही पाय पसरून, अंग ताणून तो तागाच्या जाड विणीत नखं रुतवत होता आणि खर्र खर्र ओढत होता. डोळे मिटलेले, तोंडावर तृप्ती. पोतं संत्र्याचं होतं.

"खरबरीत वीण, ओळखीचा वास..." दामिनीने सुरुवात केली.

"अवं, चहा दे पयले खुशालले," लीलाबाई म्हणाल्या. "हात पाह्य त्याचा, कोंबडीवानी सोलला."

गजेंद्रने पोतं उचललं, झटकलं आणि सोफ्याच्या डाव्या हातावर टक्कल झाकेल असं नीट घातलं. ठेचा मागोमाग गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पोत्यावर कामाला लागला. खुशालराव दुपारच्या गाडीने रिकाम्या हातांनी, त्यातल्या एका गुळगुळीत हाताने, मोर्शीला परतले.

दामिनीने स्टाफरूममध्ये सांगितलं की ओरखडण्याची सवय योग्य पृष्ठभागाकडे वळवता येते, अनुभव आहे. तपशील कुणी विचारला नाही. तिनेही दिला नाही.

पुढच्या महिन्यात गजेंद्र रविवारी सकाळी माळ्यावर चढून काहीतरी शोधत होता.

"काय हवंय?" खालून दामिनीने विचारलं.

"ते सोफ्याचं प्लास्टिक कुठी ठेवलं तू?"

"आता कशाला?"

"पोत्यावर टाकाले," वरून आवाज आला. "पार खराब करून राहिला तो पोतं."