अंकुशआण्णा आणि गल्लीतल्या दुधाच्या दाढा

लेकरू दिसलं की लोक त्याचा गालगुच्चा घेतात, आमच्या गेवराईच्या गल्लीतले अंकुशआण्णा त्याची दाढ बघतात. "उजेडाला ये बे," म्हणायचं, हनुवटी वर करायची आणि मोबाइलची बॅटरी थेट तोंडात. मुलगा असो की मुलगी, आण्णांच्या लेखी सगळे 'बे'च.

आण्णा काही डॉक्टर नाहीत. जन्मभर टेम्पो चालवला, आता घरी असतात, एकटेच. पण कुठल्या पोराच्या दाढेत कसला मसाला भरलाय हे त्याच्या आईपेक्षा त्यांना पक्कं ठाऊक. मसाला हा त्यांचाच शब्द. "सोन्याला चांदीचा भरला. टिकला, पर काळा दिसतोय. पिंकीचा पांढरा, लई देखणा, पर चिक्की खाल्ली आन् उडाला. सोहेलला स्टीलची टोपी. ह्याला म्हनतेत काम! दाढ पडंल, पर टोपी न्हाई निघायची." बायका पदराआड हसायच्या. माझ्या मात्र कपाळाला आठ्या पडायच्या. सकाळी सकाळी दुसऱ्याच्या तोंडात काय बघायचं, बाई!

मग माझ्याच चिमीची दाढ किडली, चांगली खोलवर. घास चावला की गाल धरून रडायची. मी म्हटलं, "दुधाची दाढ, आज ना उद्या पडणारच. काढून टाकू."

आण्णा दारातच होते. असे खवळले की विचारू नका. "कावून काढता? पडायला लई वर्सं हायेत अजून. तवर पोरीनं भाकर काय हिरड्यांनी चावायची? आन् बाजूच्या दाढा सरकल्या, तर पक्क्या दातानं यायचं कुठून?" आणि कुणी बोलावलं नसताना दवाखान्यात आमच्या आधी जाऊन बसले.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. एक्स-रे बघून म्हणाल्या, "कीड नसेच्या अगदी जवळ गेलीय. सगळी खरवडली तर नस उघडी पडेल. म्हणून तळाशी थोडी राहू देते आणि वरून टोपी घट्ट बसवते."

आण्णांनी डोक्याला हात लावला. "चोर घरात ठिवून कुलूप लावायलेत का बाई?"

"आत खायलाच मिळालं नाही, तर चोर काय करणार, आण्णा?"

आण्णांनी जरा विचार केला. "म्हंजी उपाशी मारायचा! मंग टोपीच बसवा." एवढे खूश झाले, जणू युक्ती त्यांचीच.

पण चिमीनं तोंड मिटलं ते मिटलंच. मी चुचकारलं, दटावलं, डोळे वटारले. ढिम्म! डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आणखी लांबवलं तर कीड नसेत जाईल. मग दाढ वाचेलच असं नाही."

आण्णा उठले. "उतर बे खाली." स्वतः खुर्चीवर चढून बसले, तोंडात बोटं घातली आणि अख्खी कवळी काढून हातावर घेतली. वरची आणि खालचीही. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. माणूस इतका नटवा, की मिशी काळी केल्याशिवाय दारात यायचा नाही. आणि आता बोळकं उघडून सगळ्यांपुढं बसला होता.

चिमी आधी थिजली, मग खदाखदा हसली. "आण्णा, तुमचं तर सगळंच संपलंय!"

"मंग! तुजं ऱ्हावं म्हनून तर बोंबलायलोय."

चिमी खुर्चीत बसली आणि तिनं तोंड उघडलं. टोपी बसेपर्यंत आण्णा तिच्या पायाशी उभे होते, कवळी मुठीत धरून.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आण्णा, सगळे दात कशानं गेले हो?"

"मायबाप ऊसतोडीला जायचे. आमी लेकरं फडावर, पाचटाच्या कोपीत. दाढ ठणकाय लागली की मी ऊसच चघळायचो. ग्वाड लागलं की जरा इसर पडायचा."

दाढ दुखते म्हणून ऊस खाणारं ते पोर डोळ्यांपुढून हलेना. "आईला सांगायचं ना, आण्णा!"

आण्णांनी पाठ फिरवून कवळी नीट बसवली.

"माय दिसभर वाकलेली असायची. पाठ टेकली की तिला झोप लागायची," ते म्हणाले. "सांगितलं असतं, तर ती माजं तोंड बघत जागी ऱ्हायली असती."