उरलेल्या उजव्या कानाचे संरक्षण

जिथे एकाच छताखाली दोन किंवा अधिक खोल्यांत मोठ्या आवाजाचे संगीत वाजवले जाते, तिथे प्रवेशद्वारापाशी एक टेबल असणे कायद्याने बंधनकारक आहे. टेबलामागे खुर्ची असावी आणि खुर्चीत कर्णरक्षण विभागाचा अधिकारी असावा, असेही कलम सातमध्ये पुढे म्हटले आहे. तो अधिकारी मी. नोकरीला सव्वीस वर्षे झाली आणि त्यातली शेवटची सहा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी रात्रभर रेव्हला असतो. हे वाक्य पाहुण्यांसमोर बोलायला बायकोने मनाई केली आहे.

आमच्याकडचा रेव्ह, म्हणजे रात्रभराचा नाच, बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यात भरतो. खोल्या चार. पहिलीत हार्डकोर, म्हणजे मिनिटाला एकशेऐंशी ठोके आणि शेवटची बस चुकल्यासारखे चेहरे करून नाचणारी माणसे. दुसरीत ड्रम अँड बेस. तिथे ड्रम जीव घेऊन पुढे पळत सुटतात आणि बेस, म्हणजे छातीत घुमणारा खर्ज, मागून, जमिनीखालून, सावकाश चालत येतो. तिसरीत काय वाजते ते तिथे जाणाऱ्यांनाही सांगता येत नाही. चौथा शांत कक्ष, आमच्या विभागाच्या आग्रहावरून झालेला. तिथे गाद्या आहेत, झऱ्याच्या पाण्याचा आवाज लावलेला असतो, आणि सहा वर्षांत माझ्याशिवाय तिथे कोणी टेकलेले मला आठवत नाही.

काम तसे सोपे आहे. आलेल्याने अर्ज भरायचा, मी शिक्का मारायचा आणि कानात घालायला फोमचे दोन बोळे द्यायचे. त्यावरून पोरे मला बोळेकाका म्हणतात. अर्जात महत्त्वाचा प्रश्न एकच : आपणास ऐकण्याचा काही त्रास आहे काय? सगळे 'नाही'वर खूण करतात. त्यातल्या निम्म्यांना हाच प्रश्न मला तीन-तीनदा ओरडून विचारावा लागतो, परंतु लेखी उत्तर हाती असताना तोंडी पुराव्याकडे पाहण्याचा मला अधिकार नाही.

अशा त्या टेबलावर एका शनिवारी एका माणसाने 'हो'वर खूण केली.

मी अर्ज उलटसुलट करून पाहिला. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, लिफ्टदुरुस्तीचा मेकॅनिक, इस्त्रीचा शर्ट, सोबत धाकटी बहीण. ती चष्म्यांच्या दुकानात नोकरीला होती. मी त्याला दबक्या आवाजात सुचवले की घाईत चुकीच्या चौकोनात खूण झाली असेल. त्याला ते ऐकू आले नाही. बहिणीने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, तेव्हा तो म्हणाला की तीस वर्षे लिफ्टच्या तपासणीचे फॉर्म भरतोय, तिथे खोटी खूण केली तर माणसे खाली येतात, जिन्याने नव्हे. त्यामुळे हाताला तशी सवयच नाही.

बाकीचे बहिणीने सांगितले. डावा कान गेल्या वर्षी गेला. उजवा चालला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते, फार तर सात. तरुणपणी हा माणूस दर महिन्याला याच कारखान्यात नाचायला यायचा, तेव्हा टेबलही नव्हते आणि मीही नव्हतो. कान मिटण्याआधी दुसऱ्या खोलीत एक तास उभे राहायचे, एवढेच त्याने मागितले होते.

"बेस काय, लिफ्टच्या मशिनरूममध्येही मिळतो साहेब," तो म्हणाला. "मला ड्रम ऐकायचेत. एकदाच."

मला त्याची दया आली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण नियम स्पष्ट होता. ज्याची श्रवणशक्ती क्षीण झाली आहे त्याला मोठ्या आवाजापासून दूर ठेवावे, आणि ती जितकी कमी उरली असेल तितकी अधिक काळजी घ्यावी. धडधाकट माणसाचे कान हे त्याचे खासगी कान. याचा उजवा कान मात्र आता दुर्मीळ झाला होता, आणि दुर्मीळ गोष्टींचे रक्षण करायलाच आमचा विभाग आहे. त्याला फक्त शांत कक्षात प्रवेश होता.

बहीण म्हणाली, "अहो, सहा आठवड्यांनी हा कान जाणारच आहे. मग वाचवायचा कोणासाठी?"

मी तिला समजावले की सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस आणि त्यातला प्रत्येक दिवस आमच्या अखत्यारीत येतो. तिने नवा अर्ज मागितला. अर्जांना क्रमांक असतात, एका माणसाला एकच. तिने आपला अर्ज त्याला देऊ केला, पण त्यावर तिने 'स्त्री' लिहिले होते. मागे रांग वाढत चालली होती. माझ्या हृदयाला पाझर फुटला आणि मी नियमपुस्तक काढून पानन्‌पान चाळले. पोटकलम सापडले. रांगेतल्या, नात्यात नसलेल्या कोणत्याही पाच व्यक्तींनी 'या इसमाच्या कानाची जबाबदारी आम्ही वाटून घेत आहोत' अशी सही केल्यास एका तासाची सवलत देता येत होती. इतक्या वर्षांत हे पोटकलम कोणी वापरलेले नव्हते, त्यामुळे मलाही जरा उत्साह आला. मी कोऱ्या कागदावर पाच रेघा आखून दिल्या.

ती कागद घेऊन रांगेच्या टोकापर्यंत गेली. दोनशे माणसे तरी असतील. मी टेबलावरून सगळे पाहत होतो. लोक फार चांगले होते. एका मुलीने तिला मिठी मारली. एका दाढीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याचे वडीलही असेच म्हणे. दोघातिघांनी या व्यवस्थेला शिव्या घातल्या, माझ्याकडे बघून घातल्या, आणि हे बदललेच पाहिजे असे ठणकावून सांगितले. सहीचे विचारल्यावर एकाचे नाव कागदपत्रांवर वेगळे होते, एकीची नोकरी नवीन होती, एक वकील होता आणि म्हणूनच करणार नव्हता. बरेच जण म्हणाले की बाकीच्या चौघांच्या झाल्या की पाचवी मी करतो. पाचवी सही करायला तयार असलेले मला एकूण एकसष्ट जण मोजता आले. पहिली करायला कोणी नव्हते. मग आतून पहिल्या खोलीचा दणका ऐकू आला आणि रांग पुढे सरकली.

माझी सही चालली असती का, असे तुम्ही विचाराल. मी रांगेत नव्हतो.

त्याला मी स्वतः शांत कक्षात नेऊन बसवले. त्याने तक्रार केली नाही. थोड्या वेळाने फेरीला गेलो तर गादी रिकामी, आणि हा भिंतीशी उभा, उजवा कान भिंतीला लावून, डोळे मिटून. पलीकडे दुसरी खोली होती. त्याची बोटे भिंतीवर टक-टक करत होती, पण मध्येच थांबायची, चुकायची, पुन्हा सुरू व्हायची. बहीण गादीवर बसून त्या बोटांकडे बघत होती. मी आवाजमापक भिंतीला लावला. एकाहत्तर डेसिबल. मर्यादा सत्तरची. त्याला भिंतीपासून दूर करताना मला फार वाईट वाटले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गादी खोलीच्या मधोमध ओढली. झऱ्याचे पाणी मात्र त्याच्यासाठी थोडे मोठे करून दिले.

निघताना त्याला रिकाम्या हाताने पाठवायला नको म्हणून मी वरिष्ठांना फोन केला. दणक्यात त्यांना माझे काही ऐकू गेले नाही, म्हणून सगळे लिहून पाठवले. उत्तर तत्काळ आले आणि ते अत्यंत उदार होते. पूर्ण बहिऱ्या व्यक्तीस चारही खोल्या खुल्या, रांग माफ आणि थेट स्पीकरसमोरची जागा राखीव. कारण रक्षण करण्याजोगे काही शिल्लक नसल्याने विभागाची हरकत नाही. मी आनंदाने ही बातमी दोघांना दिली. कान पूर्ण गेला की दाखला घेऊन या, मी स्वतः आत सोडतो. तो म्हणाला, "बरं साहेब," आणि दोघे बाहेर पडले.

दोन महिन्यांनी ते दोघे आले. दाखल्यावर गोल शिक्का, खाली सही, कुठे खाडाखोड नाही. इतका नीटनेटका दाखला मी क्वचितच पाहिला आहे. मी खुर्चीतून उठलो, रांग थांबवली आणि त्याला हाताला धरून दुसऱ्या खोलीत नेले. गर्दीने वाट करून दिली. त्याला दोन माणसांएवढ्या उंच स्पीकरसमोर उभे केले. संगीत सुरू झाले आणि माझ्या बरगड्या हलल्या. त्याने तळहात छातीवर ठेवला. चेहरा एकदम उजळला. मग तो वाट पाहू लागला. कपाळाला आठी घालून, मान किंचित पुढे काढून, लिफ्ट यायची वाट पाहावी तसा उभा राहिला. बराच वेळ.

दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तो बहिणीला म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्या खोलीला ऐकू गेले.

"बेस आला गं. ड्रम कधी येणार?"

तिने त्याचा हात घेतला आणि पुढचे गाणे सुरू झाल्यावर त्याच्या तळव्यावर बोटांनी ड्रम वाजवू लागली. मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके बोटांनी वाजवून पाहा. ती दमली की थांबायची, बोटे झटकायची आणि पुन्हा लागायची. तो हसत होता आणि पायाने ठेका धरत होता, जरा मागे, पण धरत होता. मी तिथून बाहेर आलो. मला टेबल सोडून फार वेळ राहता येत नाही, आणि खरे सांगायचे तर पाहवलेही नाही.

ड्रम न आल्याबाबत जाहीर तक्रार झाली असल्याने मी ती रीतसर नोंदवली. चौकशी झाली. वादकाने संपूर्ण वेळ ड्रम वाजवल्याचे चार साक्षीदारांनी सांगितले. तक्रार निराधार म्हणून निकाली निघाली. आमच्या विभागाला मात्र सर्वसमावेशक सेवेचे मानपत्र मिळाले. ते शांत कक्षाच्या भिंतीवर लावले आहे.

मानपत्र मिळाले ते व्हिडिओमुळे. त्या खोलीतल्या कोणीतरी दोघांचे चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकले होते : बहिरा भाऊ, तळव्यावर ड्रम वाजवणारी बहीण, निळे दिवे. पहिल्याच दिवशी नव्वद हजार लोकांनी त्याला बदाम दिला आणि 'डोळे भरून आले' असे लिहिले. त्यांतली बरीच नावे माझ्या ओळखीची निघाली. त्यांचे अर्ज माझ्याच टेबलावरून गेले आहेत.

तुम्हीही तो पाहिला असेल. शेजारी कोणी झोपले असेल किंवा कचेरीत बसला असाल, म्हणून आवाज बंद करून.