वर्गाचं वजन दोनशे सत्तर किलो

"बाई, दुरुस्त होत नाही असा बिघाड या जगात नाही!" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी टेबलावर हात आपटला.

टेबल बालवाडीचं होतं, म्हणजे गुडघ्याएवढं. त्यामुळे हात आपटण्यासाठी मिस्त्रींना बरंच खाली वाकावं लागलं आणि वाक्यातला अर्धा जोर वाटेतच संपला. तरी उरलेला अर्धाही काही कमी नव्हता! सतरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्यांना पावलांवरून ओळखतात, असं ते स्वतःच सांगत.

समोर मोठ्या बाई बसल्या होत्या. बालवाडी त्यांची. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला आपणच आरडाओरडा करतोय असं वाटावं.

"तुमची मुलगी बिघडलेली नाहीये," त्या म्हणाल्या. "ती चावते. तीन आठवड्यांत चार वेळा. वर्गात अठरा मुलं आहेत, त्यांच्या आईवडिलांना मी काय सांगू? आणखी एक चावा झाला, तर तिची जागा मला यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल."

मुलगी चार वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत. चावायला लागायच्या आधीपासून म्हणत, हे मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. बाईंनी एकदाही लिहून घेतलं नाही.

मग त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. तीन रकाने: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. मुलाचं नाव कुठेच नाही, नुसता क्रमांक. मुंगीचा चार.

"नाव का नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाव घातलं की लोक मुलाकडे बघतात. घडलं काय, ते बघत नाहीत. आमचा फॉर्म जोडलाय. घरचा तुम्ही भरा. शनिवारी पाच वाजता मी घरी येते, तेव्हा बोलू."

शाळेचा फॉर्म असा होता:

*क्रमांक चार. आधी:* काही विशेष नाही. नेहमीप्रमाणे घंटा झाली, आवराआवर सुरू झाली. *काय केलं:* मदतनीस मावशींच्या मनगटाला चावली. *नंतर:* मावशी ओरडल्या. मग सगळीच मुलं ओरडली. एक पळून गेलं, ते बुटांच्या कपाटात सापडलं.

उरलेल्या तिन्ही नोंदी अशाच, फक्त मनगटं वेगळी.

"सोपं आहे!" मिस्त्री रस्त्यात बायकोला म्हणाले. "असलाच फॉर्म आमच्या कचेरीत आहे. तक्रार, तपासणी, उपाय. शनिवारपर्यंत मुंगी गुळगुळीत चालायला लागते बघ!"

बायको दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघायची सवय असल्यामुळे, उघडलेल्या तोंडावर लगेच विश्वास ठेवायचा नाही हे ती शिकली होती.

"बघू," ती म्हणाली.

आता घरचा फॉर्म बघा.

*सोमवार. आधी:* मुलगी ठोकळ्यांचा बंगला बांधत होती. वडील वही घेऊन समोर बसले. *काय केलं:* बंगला बांधला. *नंतर:* वडिलांना जांभई आली.

*मंगळवार. आधी:* वडिलांनी स्वतःचं मनगट मुद्दाम तिच्या तोंडाजवळ नेलं. *काय केलं:* मनगटाची पापी घेतली. *नंतर:* वडिलांचे डोळे भरून आले. (ही ओळ खोडायची आहे.)

*बुधवार. आधी:* सोमवारचा बंगला अजून हॉलमध्येच. आई वळसा घालून गेली, वडील उडी मारून गेले. *काय केलं:* शेजारी दुसरा बंगला बांधायला घेतला. *नंतर:* काही नाही. वळसा वाढला.

*गुरुवार.* (चहा सांडल्यामुळे वाचता येत नाही.)

"चावतच नाही गं!" शुक्रवारी मिस्त्री डोकं धरून बसले. "हे असंच असतं! लोक बोंबलतात, लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे अडकते. मी गेलो की चालते नव्या सुनेसारखी! मी पाठ फिरवली की पुन्हा अडकते. बिघाड डोळ्यांसमोर घडल्याशिवाय सापडत नाही!"

"मग तेव्हा काय करतोस?"

इथे मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो वेळीच विझवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण बायको भांडी पुसत होती.

"मग आम्ही तीच माणसं, तेवढंच वजन पुन्हा लिफ्टमध्ये घालतो! एकदा मी अकरा माणसांना दोन तास वरखाली फिरवलं. शेवटी सापडलं! त्यातल्या उंच वकिलाचं कोपर थांबायच्या बटणावर टेकत होतं!" ते उठले. "मुंगी घरी चावत नाही, कारण घरी वर्गाचा भार नाही. अठरा मुलं, प्रत्येकी पंधरा किलो. दोनशे सत्तर!"

"अठरा मुलं आणणार कुठून?"

"मुलं कशाला? वजन आणायचं! मी चौऱ्याहत्तर, वरच्या मजल्यावरचे काका एकसष्ट, आमची अक्का ब्याऐंशी, तू त्रेपन्न. झाले बरोबर दोनशे सत्तर!"

"माझं वजन कुणाला विचारून लिहिलंस?"

"अंदाज आहे गं. सतरा वर्षांचा अनुभव."

"अंदाज पन्नासवर आण. वजन कमी पडलं तर पिठाची पिशवी ठेव."

शनिवारी चार वाजता वर्ग भरला. बाई पाचला येणार, तोवर बिघाड वहीत!

अक्का, म्हणजे मुंगीची आत्या, दारातूनच गरजली, "रांगणार नाही हं मी, आधीच सांगते! खाली बसेन, पण उठवायला दोन माणसं लागतील."

"आमच्याकडे क्रेन आहे, अक्का."

मिस्त्रींच्या पाठीत धपाटा बसला. वर्गातला पहिला हिंसाचार हा. त्याची नोंद कुणी केली नाही.

वरचे काका निवृत्त हेडक्लार्क. चौतीस वर्षं वरून आलेल्या हुकुमाची अंमलबजावणी करून दमलेले. त्यांना लाल ट्रक मिळाला आणि त्यांनी तो छातीशी असा धरला, की जणू निवृत्तीच्या समारंभात हाच मिळायला हवा होता.

"मला बघू जरा," आत्या म्हणाली.

"माझा आहे," काका म्हणाले.

"अहो काका, तुम्ही सत्तरीचे!"

"अडुसष्ट. आणि ट्रक माझा आहे."

बायको कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून चित्र रंगवायला बसली. मुंगी मात्र हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी.

"तू पण बस ना राजा," मिस्त्री म्हणाले. "तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"हे सगळे मुलं आहेत. मग मी बाई!"

"अगं, पण चावणार कोण?"

"मी बाई!!"

बाईशी वाद घालून उपयोग नसतो. मुंगीनं स्टीलचा डबा आणि चमचा घेतला, एकदा वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "खेळा."

मिस्त्रींनी एका मांडीवर वही ठेवली, आणि हाताला चाळा म्हणून एकावर एक चार ठोकळे ठेवले. मग वाटलं, पाया रुंद हवा. पाया रुंद केला. मग वाटलं, एवढा पाया आहे तर दहा मजले सहज जातील. दहाव्या मजल्यावर लक्षात आलं, अरे, या इमारतीला लिफ्ट नाही! मग मधे पोकळी सोडून सगळं नव्यानं. काड्यापेटीची लिफ्ट, वर दोऱ्याचं रीळ, दोरा ओढला की काड्यापेटी तळमजल्यावरून निघून न डगमगता अकराव्यावर! जीभ दातांत धरून मिस्त्री ठोकळे चढवत होते. बारा. तेरा. वही केव्हाच आत्याच्या खाली गेली होती, आणि तिथून ती परत मिळवणं हे वेगळंच काम होतं. आता फक्त गच्ची राहिली. एक ठोकळा! मिस्त्रींनी श्वास रोखला, ठोकळा उचलला—

टण! टण! टण!

"आवरा, आवरा! खेळ संपला!" मुंगी डबा बडवत होती, अगदी शाळेतल्या बाईंच्या सुरात. "काका, तुम्ही मावशी. आवरा!"

चौतीस वर्षांची सवय! काकांनी ट्रक खाली ठेवला, हात लांब केला आणि चौदावा मजला व्हायच्या बेतात असलेली ती इमारत लिफ्टसकट कवेत घेऊन खोक्यात लोटली.

*आधी:* वर सांगितलं ते.

*काय केलं:*

(हा रकाना कोराच आहे.)

*नंतर:* काका असे किंचाळले, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर द्यायला लागला.

नेमक्या त्याच वेळी लोटलेलं दार उघडून मोठ्या बाई आत आल्या. पाचला दहा मिनिटं होती. काही माणसं वेळेच्या आधी येतात, त्यांना आयुष्यात बरंच काही दिसतं.

बाईंना दिसलं ते असं: जमिनीवर तीन थोराड मुलं आणि एक मिशीवाला, काकांच्या हातावर दातांचं ठसठशीत कडं, आणि काकांच्या अगदी शेजारी हातात चमचा घेऊन उभा असलेला क्रमांक चार.

"कोण चावलं?" बाईंनी हळूच विचारलं.

सगळ्यांनी मुंगीकडे बघितलं.

"मी नाही," मुंगी म्हणाली. "मी तर बाई आहे."

"खोटं बोलू नये राजा," आत्या म्हणाली. चावा झाला तेव्हा तिची पाठ होती. ती ट्रक उचलत होती.

काकांना सगळं माहीत होतं. पण चौतीस वर्षांत त्यांनी कुणाविरुद्ध लेखी-तोंडी तक्रार केली नव्हती. ते म्हणाले, "जाऊ द्या हो बाई. मुलं आहेत, चालायचंच."

झालं! पाचवा चावा! बाईंनी पर्स उघडून पेन काढलं. मुंगीचा खालचा ओठ थरथरायला लागला.

आणि मिस्त्री? मिस्त्री दोन सेकंद गप्प होते. तोंडात काकांच्या सांधेदुखीच्या मलमाची चव होती. दोनच सेकंद! पण लिफ्ट कोसळायला तेवढेही लागत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मी चावलो!" ते ओरडले.

बाईंनी मान हलवली. "सगळे वडील असंच म्हणतात. मागे एका आजोबांनी शाळेच्या भिंतीवर मीच रेघोट्या मारल्या, असं लिहून दिलं होतं. मुलीला पाठीशी घालू नका."

"अहो, खरंच मी! शपथ घेतो! काका, सांगा ना!"

"मला काही आठवत नाही," काका म्हणाले.

"तुमच्या मलमात कापूर आहे! मला कसं कळलं असतं?"

"वासावरून," बाई म्हणाल्या.

मिस्त्री रडकुंडीला आले. माणूस गुन्हा नाकारताना घामाघूम होतो, हे आपण बघतो. गुन्हा कबूल करूनही कुणी घेत नाही म्हणून घामाघूम झालेला हा पहिलाच!

मग बायको उठली. खिडकीजवळ नेऊन तिनं काकांचा हात उजेडात धरला, दवाखान्यात धरते तसा.

"हे दुधाचे दात नाहीत, बाई. जबडा बघा केवढा! आणि ही मोकळी जागा दिसतेय? वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालाय. लिफ्टच्या दारावर आपटून. मी स्वतः ट्रे धरून उभी होते." ती नवऱ्याकडे वळली. "आ कर."

मिस्त्रींनी आ केला. बाईंनी दातात बघितलं, हातावर बघितलं, पुन्हा दातात बघितलं. पेनाचं टोपण घातलं.

"का चावलात?" अगदी मुलांना विचारतात त्याच आवाजात.

"एकच ठोकळा राहिला होता हो!" मिस्त्री उसळले. "एक! लिफ्ट चालत होती! आणि एकदम टण टण, आवरा! न सांगता-सवरता? अहो, आम्ही लिफ्ट बंद करायची तरी आधी पाटी लावतो! पाच मिनिटं आधी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सांगा ना, काय बिघडलं—"

आणि मिस्त्री थांबले. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्टनं थांबावं तसे.

बाई मुंगीकडे बघत होत्या.

"मला पण नाही सांगत कोणी," मुंगी म्हणाली.

हॉलमध्ये सोमवारचा बंगला उभा होता. बुधवारचाही. बाईंनी ते बघितले, वळसा घालून गेल्या आणि पर्समधून शाळेचा फॉर्म काढला. 'काही विशेष नाही. नेहमीप्रमाणे घंटा झाली' या ओळीखाली त्यांनी रेघ मारली. मग पुढच्या नोंदीत तीच ओळ, तिथेही रेघ. चार रेघा झाल्या.

"चार वेळा लिहिलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आम्हीच."

पुढच्या सोमवारी मिस्त्रींनी एका जुन्या लिफ्टमधली मजल्यांचे आकडे दाखवणारी पट्टी वर्गाच्या भिंतीवर बसवली. आवराआवरीच्या आधी तिच्यावर पाच उजळतो. मिनिटानं चार. मग तीन. तळमजला आला की घंटा. अठराही मुलं 'तीन राहिले, तीन राहिले' म्हणत गच्च्या पूर्ण करतात. ज्याचं काम उरेल त्याचे ठोकळे पाटी लावून तसेच ठेवतात. दोन आठवडे झाले. मुंगी कुणालाही चावली नाही. तिची जागा तिचीच राहिली.

मिस्त्रींची छाती इतकी फुगली की कॉलर घट्ट व्हायला लागली. "बिघाड डोळ्यांसमोर घडल्याशिवाय सापडत नाही!" ते वरच्या काकांना सांगत. काका लांब बाही घालून ऐकत.

शुक्रवारी मुंगीच्या दप्तरात एक पाकीट आलं. मिस्त्रींनी ते सगळ्यांसमोर उघडलं, मोठ्यानं वाचायचं म्हणून. आत आभाराचं पत्र नव्हतं. कोरा फॉर्म होता, तीन रकान्यांचा. वर बाईंच्या बारीक अक्षरात: *पुढील आठवड्यात पालक वर्गात खेळायला येणार आहेत. त्याआधी हा घरी भरून पाठवावा. भरणार: आई. क्रमांक एकोणीस.*

मिस्त्रींनी तो उलटून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"अगं, पण वर्गात तर अठराच मुलं आहेत ना?"

"हो," बायको म्हणाली आणि पेन शोधायला लागली.