मुळात असं नाही

माणूस जे वाचतो ते चार दिवसांत विसरतो, आणि जे वाचत नाही त्याच्यावर जन्मभर ठामपणे बोलतो. समाज टिकून आहे तो यामुळेच. सगळ्यांनी सगळं वाचलं असतं तर ऐकायला कोण उरलं असतं?

असोद्याचा लीलाधर यातल्या दुसऱ्या प्रकारातला, आणि त्या प्रकारात तालुक्यात पहिला. वय चोवीस, शिक्षण बारावी (दोनदा), धंदा घरची केळी आणि छंद वायुकेतू. वायुकेतू म्हणजे चित्रकथेतला महावीर. निळी चड्डी, लाल मुखवटा, उडतो, आणि दर पंधरा दिवसांनी जग वाचवतो. जळगावच्या स्टँडवर नवा अंक आला की लीलाधर पहिल्या एसटीनं जायचा. गठ्ठ्यातला मधला अंक काढायचा (वरच्याला ऊन लागलेलं असतं, खालच्याला सुतळी), वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचा आणि ठेवून द्यायचा.

ठेवून म्हणजे ठेवूनच. उघडायचा नाही. उघडला की पाठीवर घडी पडते, घडी पडली की अंक जुना होतो, आणि जुना अंक तर पितांबरच्या सायकल दुकानातही भाड्यानं मिळतो. गावातली बाकीची पोरं तिथूनच आणायची आणि नाल्याच्या कठड्यावर चौघं मिळून वाचायची. त्या अंकांना शेवटची दोन पानं नसायची. त्यामुळे अख्ख्या असोद्यात एकाही गोष्टीचा शेवट कोणाला माहीत नव्हता. सगळे शेवट लीलाधरच्या घरात होते. बंद.

त्याच्या आईनं, कमलबाईनं, त्याला पत्र्याची एक कोठी रिकामी करून दिली होती. तिच्यात आधी दादर ज्वारी असायची. लीलाधरनं तळाशी राख घातली, राखेवर कडुनिंबाचा पाला, पाल्यावर अंक एक, त्याच्यावर अंक दोन, असं थेट वरपर्यंत. झाकण शेणामातीनं लिंपलं. नवा अंक आला की लिंपण फोडायचं, अंक वर ठेवायचा, परत लिंपायचं. शिवाय दर शनिवारी झाकण उघडून काडीनं उंची मोजायची. ज्या आठवड्यात नवा अंक आला नाही त्या आठवड्यातही उंची बोटभर वाढलेली भरायची. लीलाधरनं वहीत लिहून ठेवलं: "संग्रह अस्सल असला की आपोआप वाढतो."

मग ब्याण्णव साली वायुकेतू टीव्हीवर आला.

टीव्ही गावाचे निवाडे करणाऱ्या चुडामण आबांकडे होता. दीपनगरच्या केंद्रातली वीज असोद्याच्या शेतांवरून जाते, पण थांबत नाही (जलद गाडी आणि ती, दोघींना छोट्या गावाचं वावडं). म्हणून रविवारी सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावायचे आणि त्या दिवशी नांगरट बंद. त्रेसष्ट माणसं एका खोलीत. खाटेवर आबा, खाली मोठी माणसं, त्यांच्यामागे पोरं, आणि अगदी शेवटी दाराशी, चपलांच्या ढिगाला टेकून, लीलाधर. चोवीस वर्षं त्याची जागा चपलांशीच होती. लग्नात, मयतीत, ग्रामसभेत, सगळीकडे.

पहिला भाग संपला. वायुकेतू एकाच डोंगरावरून तीनदा उडून गेला. आबांनी मागे वळून विचारलं, "काय रे लीलाधर, तुह्याजवळ बठ्ठे पुस्तकं हायेत म्हणे. बराबर दाखवू रायले का?"

लीलाधरनं सगळी मुखपृष्ठं मनात आणली. तेवढीच त्याच्याजवळ होती. मग तो जड आवाजात म्हणाला, "मुळात असं नाही, आबा."

खोलीनं सुस्कारा सोडला. आपल्याला फसवतात हे असोद्याला आधीपासून वाटतच होतं. आज पुरावा मिळाला. आबा खाटेवर थोडे सरकले आणि म्हणाले, "इकडे ये, बस."

पुढच्या बारा रविवारांत लीलाधरनं "मुळात असं नाही" हे वाक्य चौऱ्याण्णव वेळा उच्चारलं. चाळीसदा उडण्याबद्दल, एकतीसदा अंगरख्याबद्दल, बावीसदा दुष्टाच्या मिशीबद्दल आणि एकदा मधेच लागलेल्या साबणाच्या जाहिरातीबद्दल (चुकून, पण तेही मान्य झालं). गावात त्याचा मान वाढला. गावातल्या सुकदेवच्या लग्नाच्या हळदीत वरण खाऊन लोक त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं नुसती मान हलवली तरी आचाऱ्याचं तोंड उतरायचं. आता त्याला एकच भीती होती. खाटेवरून उठवलं तर परत चपलांशी बसायचं. चपलांशी बसलेला माणूस एकदा खाटेवर बसला की त्याला चपलांचा वास यायला लागतो. आधी येत नाही.

चौदाव्या भागात वायुकेतूचा मुखवटा निघाला.

लीलाधर उभाच राहिला. एकाही मुखपृष्ठावर मुखवटा निघालेला नव्हता. "मुळात असं नाही! वायुकेतूचा मुखवटा कधीच निघत नाही!"

तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला, "निंघस ना भो! एक्केचाळीस नंबरमा निंघस. तुले माहीत नई का?"

बोलणारा शालिग्राम. धुळ्याचा, एसटीत कंडक्टर, भरीत खायला सासुरवाडीला आलेला. दुसरा कोणी असता तर खोलीनं त्याला तिथंच गप्प केलं असतं. पण शालिग्राम गावचा जावई. जावयाला खोटं म्हणता येत नाही. आणि लीलाधरला खोटं म्हणावं तर चौदा रविवारांचं मत, वरण आणि साबण यांचं काय करायचं?

प्रश्न आबांच्या मळ्यात गेला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. पोट भरल्यावर आबांनी निवाडा दिला. "कोठी उघडा. एक्केचाळीस नंबर काढा. जे छापेल असीन ते खरं."

"आबा, उघडला की अंक जातो," लीलाधर म्हणाला.

"कुठी जाते?"

याचं उत्तर संग्राहकांनाच कळतं, आणि गावात संग्राहक एकच होता.

हात धुऊन चाळीसएक पुरुष लीलाधरच्या घरात आले. (बाकीचे अजून पुरी खात होते. निवाड्यापेक्षा पुरी लवकर गार होते.) लीलाधरनं लिंपण फोडलं. झाकण काढलं. एकशे बारा नंबर दिसला, त्याखाली एकशे अकरा. मनात तो एकच हिशोब करत होता: एक्केचाळीसपर्यंत पोचायला एकाहत्तर अंक हलवायचे, म्हणजे एकाहत्तरदा हात लागणार.

चुलीपाशी कमलबाई भाकर थापत होती. तिनं मान वळवली.

"वरून काहून काढता रे? एक्केचाळीस खालून निंघीन."

ती उठली, कोठीपाशी उकिडवी बसली आणि कोठीच्या पायथ्याचं छोटं झाकण सरकवलं. कोठीला खालीही तोंड असतं. वरून पुरुष वर्षातून एकदा धान्य भरतात, खालून बायका रोज काढतात. ही गोष्ट असोद्यातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे आणि एकाही पुरुषाला आठवत नाही. कमलबाईनं कोपरापर्यंत हात घातला, तीन गुंडाळ्या चाचपून बाजूला केल्या, चौथी बाहेर ओढली आणि पदराला पुसून आबांच्या हातात दिली. अंक एक्केचाळीस. मुखपृष्ठावर वायुकेतूच्या कपाळावर हळदीचं बोट उमटलेलं.



"माय," लीलाधर म्हणाला, "तू हे उघडले?"

"दुपारी शेंगा फोडताना वाचतो आम्ही. मी अन् शेजारची पुष्पाबाई. एकापासून धरले ते परवा एकशे दहा झाला. आता दुसऱ्या खेपी चालू हाये. गुंडाळी केल्याबिगर भोकातून येत नाही, मंग परत सारताना जरा जागा जास्त खाते."

लीलाधरला वहीतलं वाक्य आठवलं. संग्रह आपोआप वाढतो.

"पण उघडले काहून?"

कमलबाईनं त्याच्याकडे खरंच न कळून पाहिलं. "उघडल्याबिगर कसं वाचता येईन रे? तू कसा वाचतो?"

हा प्रश्न साडेचार वर्षांत त्याला कोणी विचारला नव्हता. चाळीस माणसं त्याच्याकडे वळली. शालिग्रामनं हळूच खांद्याला नसलेल्या तिकीटपेटीवर बोटं वाजवली. सवय.

"मुखवट्याचं काय मग?" आबांनी विचारलं.

"निघते ना," कमलबाई म्हणाली. "त्याची मायच काढते. जेवाले बसवते अन् म्हणते, जग मंग वाचव, आधी तोंड धुय."

लीलाधरनं अंक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा उघडला. बत्तीस पानं वाचायला त्याला अर्धा तास लागला. चाळीस माणसं उभी होती. टीव्हीवर दाखवलं ते जसंच्या तसं होतं. तोच डोंगर, तीनदा. तोच अंगरखा, तीच मिशी, तेच ताट. शेवटच्या पानावर मुखवटा दोरीवर वाळत घातलेला. मनातल्या मनात साडेचार वर्षं त्यानं ज्या गोष्टी रचल्या होत्या, त्यांतली एकही तिथं नव्हती. त्याच्या गोष्टी फार चांगल्या होत्या.

त्यानं अंक मिटला. डोळ्यांपुढे आबांची खाट दिसली. चपला दिसल्या.

"मुळात असं नाही," तो म्हणाला.

"अरे भो, हाई तर मूळच शे ना!" शालिग्राम ओरडला.

"हे छापलेलं आहे," लीलाधर शांतपणे म्हणाला. "छापताना बदलतात."

आबांनी हिशोब मांडला. जावई खरा ठरला होता, लीलाधर खोटा ठरला नव्हता, आणि दोष कुठल्या तरी लांबच्या छापखान्याचा निघाला होता. असा निवाडा पंचक्रोशीत पूर्वी झाला नव्हता. पुढच्या रविवारी आबा खाटेवर आणखी थोडे सरकले.

लीलाधरनं कोठीची दोन्ही तोंडं लिंपून टाकली. कमलबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिचं एकदा वाचून झालं होतं, आणि दादर ठेवायला दुसरी कोठी होतीच.

तुम्ही हसलात, हे बरं केलंत. तुमच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात सोनेरी अक्षरांचा एक जाड संच आहे. त्याच्यावरून काढलेली मालिका पार बिघडवली, असं तुम्ही चार लोकांत सांगितलंय, आणि लोकांनी सरकून तुम्हाला जागाही दिली आहे. ती जागा सोडू नका. फक्त एकदा, घरात कोणी नसताना, तो संच काढून हळदीचा डाग कुठल्या पानापर्यंत गेलाय ते बघा. शेवटच्या पानावर असेल. तो तुमच्या बोटाचा नसेल.